परीक्षाबाईंचे ग्रेस मार्क

वीज कार्यालयाच्या आवारात अगदी मागे, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या रिकाम्या टाक्यांच्या पलीकडे, एक लांबट खोली होती. दारावर 'चाचणी कक्ष' अशी पाटी होती, पण त्या नावाने तिला कोणी ओळखत नसे. लाइनमन तिला परीक्षेचा हॉल म्हणत आणि ती चालवणाऱ्या बाईंना परीक्षाबाई. तोंडावर नुसतं 'बाई'. बाईंची पाठ वळली की पूर्ण पदवी.

ही पदवी बाईंनी चौदा वर्षं राबून मिळवली होती. खांबावर चढून चालू तारेला हात घालणाऱ्या प्रत्येकाचे रबरी हातमोजे दर सहा महिन्यांनी त्यांच्या टेबलावर येत. बाई हातमोजा आतून-बाहेरून न्याहाळत, त्यात पाणी भरत, काठाखालची चार बोटं रुंदीची पट्टी कोरडी ठेवून तो पाण्याच्याच टाकीत बुडवत, आतल्या पाण्यात एक सळई सोडत, जाळीच्या पिंजऱ्याचं दार लावून घेत आणि मग बाहेरच्या टेबलावरचं चाक सावकाश फिरवत वीस हजार व्होल्टपर्यंत जात. तिथे तीन मिनिटं थांबायचं. रबर धड असेल तर काहीच होत नसे, आणि काहीच न होणं हेच पास होणं; मग हातमोज्यावर बाईंचा शिक्का बसे. रबरात जरा जरी खोट असली तर 'टच्' असा आवाज होई, यंत्र आपोआप बंद पडे आणि बाई कात्री काढत. नापास हातमोजा त्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत उभा कापून टाकत, म्हणजे पुन्हा कोणाला तो घालायचा मोह नको.

"बाई, अगदी नवा आहे हो, जरा सांभाळून घ्या," असं एखादा म्हणायचाच.

"मी काय सांभाळणार? तारेला सांगून बघा," असं बाई म्हणत आणि चाक फिरवत.

घरीही सुटका नव्हती. बाईंचा धाकटा दीर, म्हणजे भावजी, स्वतः लाइनमन. एकाच घरात परीक्षक आणि परीक्षार्थी राहिले की जे व्हायचं ते रोज जेवताना होई. बाईंनी फळवाल्याकडून आणलेलं फळ उजेडाकडे धरलं की भावजी विचारत, "वहिनी, किती हजारावर बघणार?" एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणाले, "लग्नाआधी वहिनींनी दादाला तीन मिनिटं पाण्यात बुडवून बघितलं असणार."

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. ते मान वर न करता म्हणाले, "अजून बाहेर कुठे काढलंय?"

बाई रागावल्यासारखं करत. खोटं कशाला सांगा, मनातून त्यांना हे सगळं आवडे. आपण कडक आहोत आणि चाळीस माणसं आपल्या कडकपणावर भरवसा ठेवून खांबावर चढतात, याचा त्यांना अभिमान होता. तो त्या लपवत, पण नवी साडी लपवावी तसा, म्हणजे थोडा काठ दिसेल इतपत.

तर त्या दिवशी परीक्षाबाईंच्या यंत्राचीच परीक्षा होती. वर्षातून एकदा मोजमाप तपासणारे एक गृहस्थ दोन पेट्या घेऊन येत. त्यांना सगळे दशांशकाका म्हणत, कारण त्यांनी पूर्ण आकडा उच्चारलेला कोणी ऐकला नव्हता. किती वाजले असं विचारलं तर ते सेकंद सांगत. चहात साखर किती हवी असं विचारल्यावर ते विचारात पडत.

बाईंनी सकाळीच खोली झाडून, पुसून, पिंजऱ्याची जाळीसुद्धा कोरड्या फडक्याने स्वच्छ केली होती. काकांनी पेटी उघडली आणि त्यातून छातीएवढा उंच पांढरा खांब काढला. त्याच्या डोक्यावर ताटाएवढी धातूची चकचकीत कडी होती. या खांबाला डिव्हायडर म्हणतात. वरून वीस हजार व्होल्ट घेतो आणि खालून बरोबर वीस देतो, म्हणजे माणसाला ते न मरता मोजता येतात. काकांनी तो पिंजऱ्याच्या मधोमध उभा केला, चारही बाजूंनी जाळीपासूनचं अंतर टेपने मोजलं, सगळ्यात आधी जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, जोडली, ती ओढून बघितली आणि मग स्पिरिटच्या फडक्याने खांब वरपासून खालपर्यंत पुसला.

"आता अर्धा तास," ते म्हणाले. "त्याला तुमच्या खोलीची सवय होऊ दे."

"माझ्या खोलीची सवय व्हायला लोकांना वर्षं लागतात," बाई म्हणाल्या.

"खरं आहे. मला सहा पूर्णांक पाच लागली."

अर्धा तास झाला. बाईंनी जमिनीच्या तारेची काठी, म्हणजे उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारी, आतल्या सळईवरून उचलून बाहेर टांगली, पिंजऱ्याचं दार लावलं, वरचा लाल दिवा पेटला. बाई टेबलापाशी चाकासमोर बसल्या, काका आपल्या छोट्या पडद्याशी. बाईंनी आपलं मीटर वाचायचं, काकांनी आपलं, आणि दोन्ही आकडे वहीत समोरासमोर जायचे.

"पाच," बाई म्हणाल्या.

"पाच पूर्णांक शून्य एक."

बाईंच्या कपाळावर आठी आली. त्यांनी चाक पुढे नेलं. "दहा."

"दहा पूर्णांक शून्य एक."

पंधराला पंधरा आले. वीसला काका म्हणाले, "वीस पूर्णांक शून्य दोन. उत्तम."

बाईंनी चाक शून्यावर आणलं आणि हाताची घडी घातली. "काका, तुमचा खांब बिघडलाय."

काकांच्या जागी दुसरा कोणी असता तर वाद घातला असता. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "कशावरून?"

"चौदा वर्षं झाली मला या यंत्रासमोर. मला माझं यंत्र कळतं."

"पुन्हा बघू," काका म्हणाले. वाद घालण्यापेक्षा पुन्हा मोजणं त्यांना नेहमीच सोपं वाटे.

मग पुढचा तासभर त्या खोलीत जे चाललं ते बघायला भावजी हवे होते. बाईंचं म्हणणं पडलं की खांब जाळीला फार जवळ आहे. काकांनी तो वीतभर सरकवला. वीस पूर्णांक शून्य दोन. बाई म्हणाल्या, वरची तार सैल लोंबतेय. काकांनी ती सरळ ताणली. वीस पूर्णांक शून्य दोन. बाईंना जमिनीच्या तारेचा संशय आला. काकांनी ती सोडवली, जमिनीतला खिळा पॉलिश कागदाने घासला, पुन्हा जोडली. बाईंनी काठी टेकवायची, दार उघडायचं, दुरुस्ती करायची, दार लावायचं, चाक फिरवायचं, असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी काकांना आकडा सांगायचा संकोच वाटू लागला होता.

"शून्य दोनच," ते हळूच म्हणाले. "बाई, तुमच्या मते किती यायला हवं होतं?"

"बावीस. बावीसच्याही थोडं वर."

"का?"

बाईंनी चाकाच्या शेजारी टेबलावर चिकटवलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. वीतभर लांब पांढरी पट्टी, त्यावर बाईंचं वळणदार अक्षर: 'मीटर कमी दाखवते. खरे २० हवे असल्यास १८ वर थांबावे.' वरून पारदर्शक टेप, आणि त्या टेपवर एक डाग नाही. बाई ती पट्टी दर सोमवारी पुसत.

"तुम्हीच तर सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी. आतला भाग म्हातारा झालाय, नवा मिळेपर्यंत अठरावर थांबत जा, म्हणून. तेव्हापासून मी अठरावर थांबते. एकदाही चुकले नाही."

काकांनी पट्टी एकदा वाचली. मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. पट्टीच्या बरोबर वर, हातभर अंतरावर, काचेच्या चौकटीत गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. ते काकांनीच दिलेलं होतं.

"बाई, ते तुम्ही वाचलंत?"

"वाचल्याशिवाय फ्रेम केली का?" असं म्हणत बाई उठल्या. आणि उठता उठता त्यांना आठवलं की आपण त्यातली शेवटची ओळ वाचली होती. 'समाधानकारक' एवढा शब्द वाचून त्या इतक्या खूश झाल्या होत्या की संध्याकाळी तो कागद यजमानांकडे नेऊन चौकट करून आणली होती. गेल्या वर्षी काका आले तेव्हा बाई घर बदलायच्या गडबडीत दोन दिवस रजेवर होत्या. परत आल्या तर टेबलावर हा कागद होता.

आता त्यांनी तो वरून वाचला. तिसरी ओळ: 'मीटरमधील जीर्ण भाग बदलला.' खाली तक्ता: 'मीटरवर २०, प्रत्यक्ष २०.०१.'

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या.  मीटर अकरा महिन्यांपूर्वीच सुधारलं होतं. ते खरं सांगत होतं, आणि बाई त्याचं खरं ऐकून न घेता रोज अठरावर थांबत होत्या. अठरा म्हणजे अठराच. जिच्या नावाने चाळीस लाइनमन चळचळा कापत, ती बाई अकरा महिने प्रत्येकाला दोन हजार व्होल्टचे ग्रेस मार्क देत होती.

"पट्टी मी गेल्या वर्षीच बघितली होती," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "काढावीशी वाटली. पण दुसऱ्याच्या हस्ताक्षराला हात लावायची मला सवय नाही. म्हटलं, बाई आल्या, कागद वाचला, की काढतीलच."

"काढतीलच," बाई म्हणाल्या.

"चूक निम्मी माझी."

"निम्मी म्हणजे किती, काका? नेमकं सांगा की." बाईंना हसू आलं नाही, काकांनाही नाही.

काका खांब पुसून पेटीत ठेवू लागले. ठेवता ठेवता म्हणाले, "माझ्या कागदावर यातलं काही येणार नाही. मीटर बरोबर आहे, तसं मी लिहीन. पट्टीसाठी त्यात रकाना नाही." एवढंच बोलून ते पेटीचे खटके लावत राहिले.

बाईंना त्याचा अर्थ कळला. नखाने टेपचं टोक उचलायचं, पट्टी ओढायची, चुरगळून टाकायची, आणि उद्यापासून वीसवर थांबायचं. कोणाला काही कळणार नाही. शिवाय हातमोजे ज्या तारांसाठी वापरतात त्या अकरा हजारांच्या. अठरा हजार सोसलेला हातमोजा अकरा हजारांना काय घाबरणार? बाईंनी हा हिशोब मनात दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो अगदी चोख आला, म्हणूनच त्यांना त्याचा राग आला. असा हिशोब एखाद्या लाइनमनने त्यांच्यासमोर मांडला असता तर त्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं. वीसवर तपासायचं ते उगाच नाही. पावसात, घामात, घाईत, जुन्या रबराला जे वरचं बळ लागतं ते त्या दोन हजारांत असतं. आणि आज भावजी गावाबाहेरच्या लाइनीवर होते, हातात बाईंनी पास केलेले हातमोजे घालून.

नाव जाणार होतं. चौदा वर्षांत मिळवलेली एकच गोष्ट, आणि ती उद्या सकाळी चाळीस माणसांच्या देखत जाणार होती. बाईंनी फोन उचलला.

"काय वहिनी?" पलीकडून भावजी. "डबा चुकीचा दिला का? मी विचारच करत होतो, इतका चांगला कसा."

"भावजी, आधी खाली उतरा आणि मग हातमोजे काढा. आधी खाली."

"मी खांबावर बसून फोनवर बोलत असतो असं वाटतं का तुम्हाला? झाडाखाली जेवतोय."

"मग आता वर चढू नका. कोणीच चढू नका. सगळे हातमोजे घेऊन परत या."

 भावजी थट्टेखोर होते, पण वहिनींचा आवाज त्यांना ओळखू येई. "येतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग बाई कार्यालयाच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. कामं थांबवायला त्यांची ना नव्हती, पण उगाच गवगवा कशाला, असं त्यांचं म्हणणं. "नेहमीची जादा तपासणी आहे, असं सांगू या," ते म्हणाले. "तुमच्याच भल्यासाठी."

"साहेब, हातमोजे त्यांच्या हातात होते," बाई म्हणाल्या. "मी सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वेळी सगळे लाइनमन फाटकाजवळच्या शेडमध्ये जमले. बाईंनी रात्रभर वाक्यं जुळवली होती. थट्टा होणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. थट्टेला काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गेले अकरा महिने मी तुमचे हातमोजे वीसऐवजी अठरावर पास केले. यंत्र बरोबर होतं. चुकले मी. जादाचे धरून सगळे बासष्ट जोड पुन्हा तपासेन. तोवर चालू तारेवर कोणी चढायचं नाही."

कोणी हसलं नाही.  चाळीस माणसं आपापल्या हातांकडे बघत उभी राहिली. बाईंची सगळी उत्तरं तोंडातच राहिली, कारण ती थट्टेसाठी होती आणि थट्टा कोणी करत नव्हतं. चौदा वर्षांत त्यांना इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मग मागून भावजींचा आवाज आला. "बाई, म्हणजे आम्ही सगळे ग्रेस मार्कांवर पास झालो होतो, असं समजायचं का?"

कोणीतरी खुदकन हसलं. एका म्हाताऱ्या लाइनमनने गंभीरपणे विचारलं, "फेरपरीक्षेला अभ्यास काय करायचा?" मग शेडभर हसू पसरलं. बाई "गप्प बसा" म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि यादी वाचायला घेतली.

फेरपरीक्षा दोन दिवस चालली. पहिल्या दिवशी एक जोड साडेएकोणीसला गेला. तो फार जुना होता आणि त्याचा मालक म्हणाला, "बाई, त्याचं वयच झालं होतं." बाकीचे पास झाले. बाईंच्या जिवात हळूहळू जीव येत होता.

दुसऱ्या दिवशी भावजींचा नंबर आला तेव्हा ते स्वतः स्टूल घेऊन येऊन बसले. "पालकांना बसता येतं ना?" त्यांनी विचारलं.

"बसा. बोलू नका."

उजवा हातमोजा वीसवर तीन मिनिटं राहिला. भावजींनी कॉलर ताठ केली. बाईंनी डावा उचलला, आतून-बाहेरून बघितला, पाणी भरलं, टाकीत बुडवला, काठी उचलली, दार लावलं. लाल दिवा पेटला. पाच. दहा. पंधरा. अठराशी बाईंचा हात सवयीने क्षणभर थांबला, मग पुढे गेला. एकोणीस.

टच्.

हा आवाज बाईंनी शेकडो वेळा ऐकला होता.  यंत्र बंद पडलं होतं, तरी त्यांनी चाक शून्यावर आणलं, काठी टेकवली आणि मगच दार उघडलं. हातांना क्रम पाठ होता म्हणून बरं. पाणी ओतून टाकल्यावर त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली घडी ताणली. तिथे एक बारीक चीर होती आणि तिच्या तळाशी मोहरीएवढा काळा ठिपका. चीर मिटलेली असताना डोळ्यांना ती दिसली नव्हती.

भावजी उठून जवळ आले. त्यांनी ठिपका बघितला, मग स्वतःच्या डाव्या हाताचा अंगठा बाजूला केला आणि तीच जागा उजव्या बोटाने दाबून बघितली.  बाईंनी कात्री काढली, पण पहिल्या झटक्यात ती रबरावरून घसरली.

त्या दिवशी जेवताना भावजींनी कोणालाच चिमटा काढला नाही. बाईंचे यजमान दोनदा भावजींच्या तोंडाकडे बघून पुन्हा जेवू लागले. जेवण लवकर उरकलं होतं, बाहेर अजून उजेड होता. बाई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या, तिथे भावजी आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही तोंड पाडून फिरताय, ते माझ्यामुळे असेल तर फिरू नका."

"एकोणीसला गेला तुमचा हातमोजा. मी वीसला नेला असता तर चार महिन्यांपूर्वीच्या चाचणीतच कळलं असतं."

"नसतं कळलं. ती चीर तेव्हा नव्हतीच." भावजी खाली रस्त्याकडे बघत होते. "तीन आठवड्यांपूर्वी तारेचं तुटकं टोक लागलं मला तिथे. टोचल्यासारखं झालं. त्याच वेळी हातमोजा काढून बघायला हवा होता. आणि नाही त्या वेळी, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी. मनगटाकडून गुंडाळत जायचं, आत हवा कोंडायची, तो फुगला की चीर तोंड उघडते, आणि गालाशी धरला की निसटती हवा जाणवते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. रोज घालण्याआधी करायचं, असा नियम आहे."

"मग?"

"मी चार-पाच वर्षांत केलेलं नाही. कोणीच करत नाही, वहिनी. हातमोज्यावर तुमचा शिक्का बघायचा आणि घालायचा. नवीन माणूस फुगवायला लागला तर आम्हीच त्याला हसतो. परीक्षाबाईंनी पास केलंय, तू कोण लागून गेलास, म्हणतो."

बाई हातातला सदरा तसाच धरून उभ्या राहिल्या. चौदा वर्षं ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला तिने असं काही केलं असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांना भावजींचा राग आला, आणि राग येता येताच भिंतीवरची चौकट डोळ्यांपुढे आली.

"मी शेवटची ओळ वाचली आणि कागद भिंतीवर टांगला," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिक्का बघितला आणि हात घातला. तुम्ही माझ्यासारखेच निघालात, भावजी."

"हे ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो," भावजी म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीची फिरकी नव्हती. मग त्यांनी बाईंच्या हातातला सदरा घेतला आणि घडी घालू लागले. घडी अगदीच वाईट झाली. बाईंनी ती मोडली नाही.

"भीती वाटली मला," बाई म्हणाल्या. "तो आवाज झाला तेव्हा."

"मलाही," भावजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हातमोजे परत द्यायचे होते. परीक्षेच्या हॉलबाहेर रांग लागली. बाईंनी टेबल दारातच मांडलं होतं, म्हणजे जे व्हायचं ते रांगेतल्या प्रत्येकाला दिसावं. सगळ्यात पुढे भावजी होते. बाईंनी कोरा जोड त्यांच्यापुढे ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"फुगवून दाखवा."

"बाई, तुम्ही काल वीसवर बघितलाय हा. पूर्ण तीन मिनिटं. मी होतो इथे."

"मी बघितलाय. तुम्ही कुठे बघितलाय?"

रांगेत कुजबुज झाली. भावजींनी मागे बघितलं, खांदे उडवले, हातमोजा उचलून मनगटाकडून भराभर गुंडाळला, बोटं टम्म फुगल्यावर क्षणभर गालाजवळ नेला आणि खाली ठेवला. "झालं."

"पुन्हा."

"वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांचीही पाळी येणार आहे. पुन्हा."

भावजींनी पुन्हा गुंडाळला. या वेळी सावकाश. फुगलेलं एकेक बोट त्यांनी उजेडाकडे वळवून बघितलं, अंगठ्याची घडी दोन्ही बाजूंनी ताणली, मग डोळे मिटून हातमोजा गालाशी धरला.  मागे दोघा-तिघांनी न सांगताच आपले हात पुढे केले, आपापले जोड मागायला.

"काही जाणवतंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, ते नीट बघून म्हणताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

भावजींनी एक डोळा उघडून वहिनींकडे बघितलं. मग तो परत मिटला आणि हातमोजा दुसऱ्या गालाशी धरला.